लेगोचा स्पायडर-मॅन मेक: पैसे ठोकळ्यांचे की फिगरचे?

ठोकळेवाली_मावशी

भाच्यासाठी लेगोचा स्पायडर-मॅन मेक घेतला, सेट नंबर ७६१४६. २०२० चा आहे, कंपनीने आता बंद केलाय, ओळखीच्या दुकानात जुना स्टॉक होता तिथून मिळाला. मेक म्हणजे आत बसून चालवायचा रोबॉट. १५२ तुकडे, सहा वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी, उंची साधारण १२ सेंटीमीटर, सोबत फिगर, म्हणजे आत बसवायचा छोटा माणूस, एकच, स्पायडर-मॅनची. हातात अडकवायला पांढरं जाळं.

आता माझं मत. हा सेट मला प्रचंड आवडला आणि तो मेकमुळे आवडला, फिगरमुळे नाही. आधी मधला सांगाडा होतो, मग त्याला खांदे आणि कंबर बॉल जॉइंटवर खटकन बसतात, मग वरून लाल निळं चिलखत चढत जातं, आणि मुलाला प्रत्येक पायरीला कळतं की आपण काय केलं आणि ते का उभं राहिलं. मोठ्या सेटमधे मुलं दमतात आणि उरलेलं आईबाप करतात, इथे भाच्याने सगळं स्वतः केलं, मी फक्त बारीक तुकडे शोधून दिले. दोन दिवसांनी त्याने मेकचे पाय काढून त्याची क्रेन केली.

म्हणून मला मनापासून वाईट वाटतं जेव्हा लोक असे सेट घेतात, फिगर काढून काचेच्या कपाटात ठेवतात आणि ठोकळे पिशवीत भरून माळ्यावर टाकतात. खेळणं बांधण्यासाठी आहे. फिगर त्याच्यासोबत येते, तिच्यासाठी सेट घेणं मला पटत नाही. तुमचं काय म्हणणं?

पिवळा_चेहरा

मावशी, अजिबात सहमत नाही. फिगर काढली तर हा कुठलाही लाल निळा रोबॉट आहे हो, त्याला स्पायडर-मॅन बनवतो तो आत बसलेला चार सेंटीमीटरचा माणूस. हातपाय हलणारी लेगोची फिगर १९७८ ला आली, पिवळा चेहरा, दोन ठिपक्यांचे डोळे आणि हसू, बास. स्पायडर-मॅनचे सेट आले २००२ ला, बॅटमॅन २००६ ला, आणि २०१२ पासून मार्व्हल आणि डीसी या दोन्ही कॉमिक्स कंपन्यांचे हिरो सुपर हिरोज नावाखाली नियमित येतायत. माझ्याकडे यातल्या बऱ्याच काळातले स्पायडर-मॅन आहेत, ओळीने ठेवले की दिसतं छपाई कशी सुधारत गेली, आधी नुसत्या चार रेघा आणि नंतर छातीवरचं जाळं किती नेमकं. एवढ्याशा जागेत एवढं बारीक काम बसवणं ही कला आहे आणि ती जपून ठेवावीशी वाटणं यात काही गैर नाही.

आणि मेकचंच बोलायचं तर त्याचे गुडघे वाकत नाहीत. स्पायडर-मॅनला गुडघे नाहीत!! ज्या हिरोची ओळखच उकिडवा बसणं, लटकणं, उडी मारणं आहे त्याचा रोबॉट शिपायासारखा ताठ उभा. मी हा सेट फिगरसाठीच घेतला असता आणि मला त्यात काही कमीपणा वाटला नसता.

ठोकळेवाली_मावशी

गुडघ्यांचं खरंय पण गुडघे नाहीत म्हणूनच तो उभा राहतो ना. सहा वर्षांचं मूल त्याला टेबलावर आदळतं, गादीवरून उडवतं, दुसऱ्या खेळण्यावर फेकतं. प्रत्येक पायाला आणखी एक जॉइंट दिला असता तर तो पहिल्या आठवड्यात सैल पडला असता आणि मेक सारखा पुढे कोसळला असता. कंबर हलते, घोटे हलतात, पाय फाकवून तिरका उभा करता येतो, खेळायला तेवढं पुरतं. हा निर्णय मुलांचा विचार करून घेतलाय असं मला वाटतं.

ठाणे_वेस्ट_बाबा

तुम्ही दोघं ज्यावर बोलताय त्याच्या आधीचा प्रश्न, हा सेट आपल्याकडे छोटा आहे का? अमेरिकेत २०२० ला तो ९.९९ डॉलरला आला, तेव्हाच्या भावाने साधारण सातशे रुपये, तिथल्या मुलाच्या खाऊच्या पैशातून येण्यासारखी वस्तू. त्याच वर्षीच्या बजेटमधे आपल्याकडे खेळण्यांवरची आयात ड्यूटी २० टक्क्यांवरून ६० वर गेली आणि २०२३ ला ७० झाली. म्हणजे तिथे जे सहज उचललं जातं त्याला इथे वाढदिवस लागतो. वाढदिवसाला एकच येणार असेल तर मी तरी मूल काय मागतंय तेच देणार, आणि माझा मुलगा माणूस मागतो, रोबॉट नाही. त्याला स्पायडर-मॅन खिशात घालून शाळेच्या बसमधे न्यायचाय. १२ सेंटीमीटरचा मेक खिशात जात नाही.

संगमेश्वरी

बाबांचा मुद्दा पटला पण मग नुसत्या फिगर विकत मिळतातच की, लेगोची कलेक्टिबल सिरीज, जमवायला एकेक सुटी फिगर. २०२० ला डीसीची आली त्यात १६ फिगर होत्या, २०२१ ला मार्व्हलची आली त्यात १२. प्रत्येकीसोबत छोटा स्टँड आणि हातातली वस्तू. एका मेकच्या पैशात दोन यायच्या. मेक कशाला घ्यायचा?

ठाणे_वेस्ट_बाबा

कारण त्या बंद पाकिटात येतात, आत कोण आहे ते कळत नाही. मुलाला एक हिरो हवा असतो आणि निघतो दुसराच, मग रडारड, मग आणखी एक पाकीट, मग तोच परत. लहान मुलाला अशा लॉटरीची सवय लावणं मला चुकीचं वाटतं आणि याबाबतीत मी अजिबात मागे हटणार नाही. मेकच्या खोक्यावर फोटो असतो, तोच आत निघतो. सहा वर्षांच्या मुलाला दिलेला शब्द पाळला जातो.

पिवळा_चेहरा

लॉटरी म्हणणं जास्त होतंय. पिशवी होती तेव्हा बाहेरून चाचपून कळायचं, टोपी, पंख, ढाल वगैरेचा आकार बोटांना लागतो, दुकानात उभं राहून मी आणि मुलगी शोधायचो आणि तो आमचा खेळच झाला होता. २०२३ च्या मार्व्हल सिरीजपासून पिशवी जाऊन पुठ्ठ्याचं खोकं आलं, प्लास्टिक वाचलं ते चांगलंच झालं पण चाचपणं गेलं. त्या बदलावर माझाही राग आहे, तेवढ्यापुरता बाबांशी सहमत.

क्रॉफर्ड_ते_दादर

एवढा खल कशाला. क्रॉफर्ड मार्केटला, पुण्यात तुळशीबागेत, तशाच दिसणाऱ्या फिगर पाकिटातून मिळतात, एका सेटच्या पैशात अख्खी टोळी येते. मूल खेळतंय ना? त्याला कंपनीशी काय घेणंदेणं. सगळ्यांच्या घरी सत्तर टक्के ड्यूटी भरायला पैसे नसतात आणि ज्या घरी नाहीत त्या घरच्या मुलालाही स्पायडर-मॅन हवाच असतो.

ठोकळेवाली_मावशी

शेवटचं वाक्य शंभर टक्के मान्य. पण एकदा दोन्ही शेजारी ठेवून बघा. आमच्याकडे भाच्याला कुणीतरी अशी टोळी दिली होती, एकाचा हात खांद्यात बसेना, दुसऱ्याचे पाय ठोकळ्यावर टिकेनात, रंग बोटाला लागला. ठोकळ्याचा सगळा जीव पकडीत आहे. १९५८ चा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो, तितक्याच जोराने बसतो आणि मुलाच्या हाताने सुटतो. पकड कमी पडली की मूल बांधायचं सोडून देतं, त्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. ते मला फार लागतं. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे, लहान मुलं सगळं तोंडात घालतात, निदान तेवढं बघून तरी घ्या.

कुडाळकर

इतके पैसे डेन्मार्कला पाठवण्यापेक्षा सावंतवाडीला चितारआळीत जा, लाकडी गाडी घ्या, भोवरे घ्या, तोंडात घातलं तरी काळजी कमी. आपल्याच माणसांना काम मिळेल.

ठोकळेवाली_मावशी

कुडाळकर, चितारआळीतली बैलगाडी आमच्या घरी आहे आणि ती रोज चालते, सध्या मेक तिच्यात बसतो. मला तर वाटतं आपल्या कारागिरांनी जोडून मोडता येणारी खेळणी करावीत. लेगोसुद्धा १९३२ ला डेन्मार्कमधल्या बिलुंडच्या एका सुताराने सुरू केलं, आधी लाकडी खेळणीच करायचे, प्लास्टिक नंतर आलं. तिथला सुतार करू शकला तर इथला का नाही. पण तोवर मुलाने दोनांतलं एक निवडावं असा हट्ट नको.

दोनफिगर_समर्थक

कुणी लेगोच्याच मायटी मायक्रोज सेटचं नावच काढलं नाही म्हणून लिहितोय. २०१६ ते २०१८ मधे आले होते, एका खोक्यात हिरो आणि व्हिलन, दोघांना एकेक टिल्लू गाडी, तुकडे शंभराच्या आत. रॉबिन विरुद्ध बेन, हल्क विरुद्ध अल्ट्रॉन, वुल्व्हरिन विरुद्ध मॅग्नेटो. बेनसोबत टेडी बेअर येतो! छोट्या सुपरहिरो सेटमधे यापेक्षा चांगला विचार मी बघितला नाही, कारण एका फिगरने गोष्ट होत नाही. स्पायडर-मॅन मेकमधे बसला पण तो लढणार कुणाशी? थॅनॉसचा मेक वेगळा विकत घ्या, आयर्न मॅनचा वेगळा. मायटी मायक्रोजमधे खोकं उघडलं की भांडण तयार, आणि घरात दोन मुलं असतील तर एकेक गाडी वाटून घेतात.

पिवळा_चेहरा

बेनचा टेडी मलाही प्रिय आहे. पण त्या फिगरना आखूड पाय आहेत, ते वाकत नाहीत, बसताच येत नाही, गाडीत उभं राहून चालवतात. हल्क आखूड पायांचा? थॅनॉससुद्धा त्याच मापाचा होता. त्या ओळीत मला पात्रांचा मान ठेवलेला दिसत नाही.

दोनफिगर_समर्थक

मान तुमच्या कपाटात ठेवायचाय. जमिनीवर खेळणाऱ्या पाच वर्षांच्या मुलीला तो आखूड हल्क आवडतो कारण तो तिच्यासारखा बुटका आहे आणि तरी सगळ्यांना हरवतो. माझ्या मुलीने हे मला स्वतः सांगितलंय.

ठाणे_वेस्ट_बाबा

हे वाचून मत थोडं सरकलं. व्हिलन हवा हे बरोबर आहे. आमच्याकडे मेक एकच असला तर दुसऱ्या बाजूला कोण म्हणून बाबालाच उभं राहावं लागेल, अर्थात त्याला माझी हरकत नाही.

ठोकळेवाली_मावशी

आमच्याकडे व्हिलन त्या क्रेनने उचलला जातो, तो म्हणजे कपड्यांचा चिमटा. बांधता येत असलं की व्हिलन विकत घ्यावा लागत नाही, माझा मुद्दा पहिल्यापासून तोच आहे.

पिवळा_चेहरा

चिमटा चालेल पण चिमट्याला चेहरा नाही, आणि मुलं चेहऱ्याशी बोलतात. ते तुम्ही मान्य करत नाही तोवर मी इथेच आहे. एक मात्र कळकळीने सांगतो, भाच्याला फिगरचे हात खांद्यातून उपटू देऊ नका. पाय, डोकं काढलं तर चालतं, पण हात सारखे काढले की धडाला काखेजवळ बारीक चीर पडते, उजेडात तिरकं धरलं की दिसते, आणि एकदा पडली की हात सैल होऊन जाळं धरत नाही. तुमच्या मेकचा चालक आहे तो, त्याला जपा.

ठोकळेवाली_मावशी

आत्ताच बघितलं, डाव्या काखेत चीर आहे. सुटी फिगर कुठे चांगल्या अवस्थेत मिळेल ते सांगा, भाच्याला तोच स्पायडर-मॅन हवाय, दुसरा चालणार नाही म्हणतो.

पिवळा_चेहरा

माझ्याकडे एक जास्तीचा आहे, पोस्टाने पाठवतो. पैसे नकोत, पण तो मेकमधेच बसवा, चिमट्याच्या तावडीत देऊ नका.