मदत हवी आहे: थ्रीडी मॉडेल फिरवताना ग्राफिक्स ड्रायव्हर बंद पडतो

लॅपटॉप, विंडोज ११, रॅम ३२ जीबी. प्रोसेसरमधलं इंटिग्रेटेड ग्राफिक्स आणि ८ जीबीचं वेगळं कार्ड, असे दोन्ही आहेत. थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मोठी असेंब्ली (अनेक सुटे भाग जोडून केलेलं मॉडेल) उघडून मॉडेल फिरवलं की स्क्रीन क्षणभर काळी होते, मग सॉफ्टवेअर बंद. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची नोंदवही) दर वेळी ४१०१ ची नोंद, म्हणजे ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं आणि विंडोजने तो परत सुरू केला.

सॉफ्टवेअरमधलं हार्डवेअर ॲक्सिलरेशन (चित्र काढायचं काम ग्राफिक्स कार्डकडे देणं) बंद केलं तर क्रॅश होत नाही, पण मॉडेल इतकं अडखळतं की काम करणं अशक्य. छोट्या फायलींना काहीच त्रास नाही. गेम तासन्‌तास चालतात, त्यामुळे कार्डच खराब आहे असं मला तरी वाटत नाही.

सेफ मोडमध्ये डीडीयूने (ड्रायव्हर मुळापासून काढायचं टूल) जुना ड्रायव्हर पूर्ण काढून गेमिंगऐवजी डिझाइनच्या कामासाठीचा स्टुडिओ ड्रायव्हर टाकला, नंतर त्याचीच जुनी आवृत्तीही. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये सॉफ्टवेअरला 'हाय परफॉर्मन्स' दिलंय आणि टास्क मॅनेजरमध्ये ते ८ जीबीचं कार्डच वापरात दिसतं. क्रॅशच्या वेळी त्याची मेमरी निम्मीही भरलेली नसते, तापमानही ठीक. बायोसमध्ये इंटिग्रेटेड बंद करायची सोय नाही. सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलता येणार नाही, कारण बाकी टीम त्याच आवृत्तीवर आहे.

रजिस्ट्रीत टीडीआर-डिलेची मर्यादा (ग्राफिक्सने प्रतिसाद दिला नाही तर ड्रायव्हर परत सुरू करण्याआधी विंडोज जितकं थांबतं तो वेळ) मूळ २ सेकंदांवरून ८ किंवा १० केली तर हे खरंच सुटतं, की क्रॅशऐवजी नुसती स्क्रीन गोठते? आणि दोष ड्रायव्हरचा की सॉफ्टवेअरचा, हे फॉरमॅट न करता कसं ओळखायचं?