मदत हवी आहे: प्रशिक्षक गटाला द्यावा की साधनाला?

नमस्कार मंडळी. फोंड्यात मुलींच्या जिम्नॅस्टिक्सचे तीन गट, प्रशिक्षक तीनच. साधनं चार: व्हॉल्ट (धावत येऊन उडी मारायचं टेबल), अनइव्हन बार्स (कमी-जास्त उंचीच्या दोन दांड्या), बीम (तोल सांभाळायची अरुंद पट्टी), फ्लोअर (जमिनीवरच्या कसरती).

गटाला एकच प्रशिक्षक दिला की मुलीची भीती, जुनी दुखापत त्याच्या ध्यानात राहते. पण बार्सवर आधार द्यायला प्रत्येकाचा हात बसलेला नसतो. साधनवार वाटले तर हँडस्टँडमध्ये (हातांवर उलटं उभं राहताना) नजर कुठे ठेवायची, हे बीमवर एक सांगतो, फ्लोअरवर दुसरा. १० सेंटीमीटर रुंद बीमवर मुलगी तिथेच डगमगते.

माझ्या मते लहानांना गटप्रशिक्षक, वरच्या गटाला बार्स-व्हॉल्टपुरता साधनप्रशिक्षक द्यावा. पण तो बार्सवर अडकला की त्याच्या गटाकडे कोण बघणार? अर्ध्या तासात आठ मुलींना जेमतेम तीन-चार पाळ्या मिळतात. तुम्ही वेळापत्रक कसं बसवता? कृपया सविस्तर सांगा.