आलेख पाहूनच इअरफोन घ्यायचा तर कान कशाला?

कानसेन
काल कुणीतरी ठोकून दिलं: 'वायरवाले इन-इअर ऐकून बघायची गरजच नाही. फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्सचा आलेख हार्मन टार्गेटला चिकटला की काम झालं, बाकी सगळी बुवाबाजी.' वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. (फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स म्हणजे कोणती पट्टी किती जोरात वाजते ते; टार्गेट म्हणजे तो कसा असावा याची ठरवलेली रेषा.)

एक तर ते टार्गेट आकाशातून पडलेलं नाही. हार्मन या ऑडिओ कंपनीतले संशोधक शॉन ऑलिव्ह आणि मंडळींनी माणसांना बसवून, ऐकवून, आवडनिवड विचारून ते काढलं. म्हणजे मुळाशी कानच. 2019ची इन-इअरची रेषा ही खूप जणांच्या आवडीची सरासरी आहे, आणि सरासरी कान कुणाच्याच डोक्याला नसतो.

दुसरं, आलेख काढतात 711 कपलरवर, म्हणजे कानाच्या नळीची नक्कल करणाऱ्या यंत्रावर. त्याचा भरवसा फार तर 10 किलोहर्ट्झपर्यंत. 8 किलोहर्ट्झच्या आसपास जो उंचवटा दिसतो तो बऱ्याचदा कपलरमधल्या अनुनादाचा असतो आणि इअरफोन किती आत बसवला त्यावर सरकतो. त्याला बघून 'ट्रेबल (वरच्या पट्ट्या) तिखट' म्हणणारे थोर आहेत.

माझ्याकडचा एक सेट कागदावर अगदी टार्गेटबरहुकूम. कानात घातला की गाणाऱ्या बाईचा प्रत्येक 'स' आणि 'श' सुईसारखा टोचतो. आता आलेखाला विचारू का?

सपाट_रेषा
ती पोस्ट माझी. नाव घेऊन लिहायचं होतं की, एवढा संकोच कशाला.

ब्रेबार्ट नावाच्या संशोधकाने 2017 साली 283 हेडफोनची मोजमापं तपासली. किंमत आणि फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स यांचा काही संबंध सापडला नाही. हे कानाने ऐकणाऱ्या एकाही समीक्षकाने सांगितलं नव्हतं. ते 'मखमली मिड्स' आणि 'हवेशीर ट्रेबल' लिहिण्यात गुंग होते.

तुलना करताना दोन्ही सेटचा आवाज मोजून सारखा केलात का? अर्धा-एक डेसिबल जास्त असला तरी माणूस 'डिटेल जास्त' म्हणतो. आणि हातात कोणता सेट आहे हे ठाऊक असताना ऐकलंत, म्हणजे संपलंच.

कानसेन
इन-इअरची अंध चाचणी घरी कशी करणार ते सांगा. कानात शिरताक्षणी आकारावरून कळतं कोणता ते.

सपाट_रेषा
हार्मनने वेगवेगळ्या सेटचा रिस्पॉन्स एकाच जोडीवर इक्वलायझरने उभा करून ऐकवला. घरीही जमतं, कंटाळा नसेल तर.

तांबे_की_चांदी
केबलबद्दल कुणीच बोलत नाही? मूळची काढून चांदीची लावली आणि वरच्या पट्टीवरचा पडदा सरकला. आता हसा.

सपाट_रेषा
हसलो. पण मल्टी-बीए सेट (एका कानात अनेक छोटे ड्रायव्हर असलेला) असेल तर तुमच्या केबलने खरंच फरक पडू शकतो, चांदीमुळे नव्हे, रोधामुळे. समजा सेटचा इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा, पट्टीनुसार बदलणारा) कुठे 5 ओहम, कुठे 30. केबलचा रोध अर्धा ओहम वाढला तर त्या दोन जागांमध्ये सुमारे 0.7 डेसिबलचा फरक पडतो. आउटपुट इम्पीडन्स 10 ओहम असलेल्या अँपवर (अँप्लिफायरवर) तोच फरक 7 डेसिबलपर्यंत जातो. चांदीचे पैसे अँपचा तक्ता वाचण्यात घालवा. तो फुकट असतो.

तांबे_की_चांदी
म्हणजे फरक पडतो. एवढंच ऐकायचं होतं, धन्यवाद.

जॅक_हरवला
2016 साली आयफोन 7मधून हेडफोनचा जॅक गेला, मग बाकीच्यांनीही नक्कल केली, आणि तुम्ही ओहम मोजताय! वायर फोनला जोडायचा माझा डोंगल खिशातल्या खिशात तुटतो. मूल्यमापनात आधी हे लिहा.

नवा_कान
मूळ मुद्दा राहू द्या. कानसेन, तुमचं वय काय? पन्नाशीच्या माणसाला 15 किलोहर्ट्झ ऐकू येण्याची मारामार, आणि हेच लोक 'एअर' आणि 'स्पार्कल'वर परिच्छेद लिहितात. समीक्षकाने आधी स्वतःचा ऑडिओग्राम (कानाच्या तपासणीचा आलेख) चिकटवावा.

कानसेन
वय काढायचं कारण नाही. पियानोची शेवटची पट्टी 4186 हर्ट्झची. संगीताचा गाभा त्याच्या खालीच असतो. मी तिथे काय ऐकतो ते तुमच्या वयात कळायचं नाही.

नवा_कान
झालं, अनुभवाचं शेपूट आलं.

सपाट_रेषा
वयावर नवा_कानशी सहमत.

कानसेन
तुम्ही तर होणारच. यंत्राला वय नसतं ना.

दीडकान
ऑडिओग्राम मागणाऱ्यांनी तो कधी काढलाय का? नेहमीची तपासणी 250 ते 8000 हर्ट्झचीच असते. 15 किलोहर्ट्झचं त्यात काही दिसत नाही, तेव्हा चिकटवूनही भांडण मिटणार नाही.

माझा डावा कान 4 किलोहर्ट्झपाशी पडलाय. कारण म्हणाल तर वर्षानुवर्षं प्रवासात सैल बसणारे इअरफोन, आणि गाडीच्या आवाजावर मात करायला वाढवलेला व्हॉल्यूम. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे: 80 डेसिबलला आठवड्याला 40 तास, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. 86ला दहाच तास उरतात. नीट सील होणारा सेट बाहेरचा गोंगाट इतका अडवतो की व्हॉल्यूम आपोआप खाली येतो. मला हे फार उशिरा कुणी सांगितलं.

तुमच्या समीक्षांत केबलच्या वेणीचं वर्णन असतं, डबीचा फोटो असतो. गोंगाट किती अडतो, तासाभराने कान दुखतो का, यावर ओळ नाही. आलेखवाल्यांकडेही नाही आणि मखमलवाल्यांकडेही नाही. मग भांडा वयावरून.

नवा_कान
तुमचा टोमणा पोचला. ऑडिओग्रामची मागणी मागे. वयाची नाही.

रबरी_टोपी
दीडकान सील म्हणाले ते बरं झालं. कानसेन, तो टोचणारा 'स' कोणत्या टिप्सवर (कानात जाणाऱ्या टोप्यांवर)? डबीतल्या मधल्या मापाच्या ना? थोडी जरी फट राहिली तरी बास गळतो आणि उरलेलं सगळं कर्कश वाटतं. आत नीट सरकवलं की अनुनादाचं शिखर आणखी वरच्या पट्टीकडे सरकतं, 'स'च्या वाटेतून बाजूला. एक माप मोठी लावा, किंवा फोम. दोन्ही कानांना एकच माप लागतं असंही नाही.

कानसेन
डाव्याला मोठी, उजव्याला फोम. 'स' बराच निवला. पण म्हणून आलेख जिंकला असं कुणी लिहू नका. टिपची जाडी आलेखात कुठे असते?

सपाट_रेषा
आलेखाखाली बारीक अक्षरात. कोणती टिप आणि किती आत, दोन्ही. निदान मी तरी लिहितो.

कानसेन
तुमचे सोडून बाकीच्या शंभरांत शोधून दाखवा.

तांबे_की_चांदी
फोमवर माझी केबल अजूनच छान वाजते.