लग्नाच्या अल्बममधला चेहरा माझा वाटतच नाही, काय करू?

यावलची_पोर
नमस्कार सगळ्यांना. मी यावल तालुक्यातली, जळगावला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. मे महिन्यात मामाच्या मुलीचं लग्न झालं, तेव्हापासून डोक्यात एकच चालू आहे म्हणून लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

हळदीला सगळ्या बहिणींनी एका रीलवर नाचायचं ठरलं आणि त्या रीलमधे होता तसाच पाठ उघडी असलेला ब्लाऊज सगळ्यांनी शिवायला टाकला. मला नको होता. जबरदस्ती कोणी केली नाही, पण "काकूबाई", "आत्तापासूनच सासू झाली" असं सुरू झालं आणि मग मी पण शिवला. अख्खी हळद ओढणी धरून उभी होते, स्टेप्स पाठ असून चुकल्या कारण एक हात सतत ओढणीत. रीलला भरपूर लाईक आले, मी मात्र ती बघून रडले.

मग अल्बम आला. फोटोवाल्याने माझा चेहरा गोरापान करून टाकलाय, नाक पण बारीक, पण मेंदीचे हात तसेच सावळे राहिलेत. गालावर हात ठेवलेला एक फोटो आहे, त्यात तो हात दुसऱ्याच कोणाचा वाटतो. खरं सांगते, आधी मला तो फोटो आवडला होता, डीपीला पण ठेवला होता. मग मोठ्या मायला दाखवला, तिने चष्मा लावला, फोटोवर बोट फिरवलं आणि विचारलं, "हाई कोनी आंडेर शे वं?" म्हणजे ही कोणाची मुलगी गं?

साधं राहायला आवडणं म्हणजे मागासलेपण का? की मी दिसायला कमी आहे म्हणून साधेपणामागे लपते, हे पण मनात येतं. एका बहिणीने गोरं व्हायची क्रीम दिलीय, डबीवर धड नाव पण नाही.

सुईदोरा_अमळनेर
माय, मी 22 वर्षं ब्लाऊज शिवतेय. आजकाल पोरी मोबाईल पुढे करतात, "अस्साच पाहिजे". मी ट्रायलला आधी हात वर करायला लावते, वाकायला लावते. जी आरशात वळून वळून बघून हसते तिचं मी हौसेने शिवते, पाठ दिसली म्हणून पोरगी वाईट होत नाही, हे तू पण मनात आणू नको. पण जिचा हात लगेच मागे जाऊन गळा वर ओढतो ना, तिला मी सांगते गळा तीन बोटं वर घेऊ, नाडीला छान लटकन लावू. तुझा हात ओढणीवर होता, तेच तुझं उत्तर होतं, फक्त ते तुला शिवायला टाकायच्या आधी कोणी विचारलं नाही.

आणि लपण्याचं म्हणतेस तर आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर तू ओढणी कमरेला खोचून गाणी म्हणतच असशील, सगळ्या गावासमोर. तेव्हा लपत होतीस का?

खडू_फळा_धुळे
शिक्षक आहे, वर्गात रोज हेच बघतो. फिजी बेटांवरचा एक अभ्यास आहे, हार्वर्डच्या ॲन बेकर यांचा. तिथे भरलेलं अंग म्हणजे चांगलं खातंपितं घर असं मानायचे. 1995 मधे एका भागात टीव्ही आला. तेव्हा शाळेतल्या मुलींमधे बारीक व्हायला मुद्दाम उलटी काढणारी एकही सापडली नव्हती, 1998 मधे शंभरात 11 निघाल्या. तीन वर्षांत मुलींची अंगं काय बदलली असतील? बदललं ते समोर दिसणारं चित्र.

रंगाचं पण तसंच. फेअर अँड लव्हली 1975 पासून विकली गेली आणि नावातलं फेअर गेलं 2020 मधे, म्हणजे तुझी आई लहान असल्यापासून हे कानावर पडतंय. सावळी व्यक्ती दुःखी किंवा मागे पडलेली दाखवू नका असा नियम जाहिरातवाल्यांच्या परिषदेने 2014 मधे केला. नियम करावा लागला यातच कळतं किती खोल गेलं होतं. तेव्हा स्वतःला कमी किंवा मागास समजू नको बेटा.

गोळी_औषध_भुसावळ
बाकी नंतर, ती क्रीम आधी बंद. मी मेडिकलवर बसते. अशा बिननावाच्या डब्यांमधे बऱ्याचदा स्टेरॉईड निघतं, ते डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचंच नसतं. आठ-पंधरा दिवस चेहरा उजळ वाटतो, मग कातडी पातळ पडते, लाल होते, पुरळ येतं, चेहऱ्यावर लव वाढते आणि सोडली की आग आग होते. काही क्रीममधे पारा सापडलाय, तो किडनीला जातो. लावली असशील तर डबी घेऊन स्किनच्या डॉक्टरकडे जा, मनाने काही लावू नको.

शहादा_एक्सप्रेस
ताई, पोरांचं पण आहे हे. मी दोन वर्षं टीशर्ट काढून जिमचे फोटो टाकायचो, ज्या दिवशी लाईक कमी त्या दिवशी जेवण जायचं नाही. बंद केलं. पहिला महिना फार जड गेला, खोटं नाही बोलत.

यावलची_पोर
सगळ्यांचे मनापासून आभार. क्रीम दोनदाच लावली होती, आता कपाटाच्या वर ठेवलीय, सोमवारी डॉक्टरकडे नेते. सुईदोरा ताई, झोक्याचं वाचून बराच वेळ गप्प बसले. नव्हते लपत. आमच्यात सगळ्यात उंच झोका माझा असतो.

काल फोटोवाल्याला फोन करून एडिट न केलेले फोटो मागितले. तो म्हणाला, "मॅडम, त्यात तुम्ही डार्क दिसता". म्हटलं तेच पाठवा. आलेत. गालावर हात असलेला एक प्रिंट करायला टाकलाय, यावेळी मोठ्या मायच्या हातात नुसता देणार आहे, काही न सांगता.