गोष्ट संपली होती ना? मग दुसरा भाग कशाला?

फडताळ:
'द लास्ट ऑफ अस' या व्हिडिओ गेमचा दुसरा भाग आला नसता तर पहिला अर्धवट राहिला असता आणि आता तिसराही हवाच, असं सांगलीचा_गडी यांनी काल लिहिलंय. डोकंच फिरलं, म्हणून वेगळा धागा. ज्यांनी खेळलेला नाही त्यांनी इथूनच मागे फिरा.

२०१३ चा शेवट आठवा. साथीवर लस काढायला एलीचा जीव जाणार असतो, म्हणून जोएल सर्जनला मारतो, बेशुद्ध एलीला उचलून पळतो, त्या गटाची म्होरकी मार्लीन हिला गोळी घालतो आणि त्यांनी इलाज शोधणं सोडलंय, असं पोरीशी धडधडीत खोटं बोलतो. ती म्हणते, शपथ घे. तो घेतो. ती 'ओके' म्हणते, खेळ खलास. तिला कळलं होतं का, हे आपण ठरवायचं होतं राव! दुसऱ्या भागात ती सॉल्ट लेकच्या त्याच हॉस्पिटलात जाऊन जोएलकडून सगळं वदवून घेते. सात वर्षं आम्ही ज्यावर भांडलो, त्याचा निकाल कंपनीने परस्पर लावला.

सांगलीचा_गडी:
त्या सर्जनला मुलगी असेल, असं तेव्हा तुमच्या मनात तरी आलं होतं का? मी तर मागे उभ्या असलेल्या नर्सनाही सोडलं नव्हतं. मग दुसऱ्या भागात जोएलला मारणारी अ‍ॅबी त्याच सर्जनची मुलगी, हे कळलं आणि पोटात ढवळलं. हा हिशोब पहिल्या भागात कुठे होता?

फडताळ:
नव्हताच, कारण गरज नव्हती. तो डॉक्टर मागाहून फुगवलाय.

सांगलीचा_गडी:
असल्याच रागापायी अ‍ॅबीला आवाज देणाऱ्या लॉरा बेलीला जिवे मारण्याच्या धमक्या गेल्या.

फडताळ:
मला त्या टोळक्यात ढकलू नका. जोएलला गोल्फच्या काठीने मारलं याचं मला काही नाही. मरू दे. गोष्ट उसवली, हे दुखणं आहे.

कर्जात_गेमर:
कथेचं राहू द्या हो. २०१३ ला प्लेस्टेशन ३ वर, २०१४ ला रीमास्टर, २०२२ ला रीमेक. एकच गोष्ट तीनदा विकली! रीमेक आला तेव्हा पाच हजारांच्या घरात आणि त्यात ऑनलाइन एकमेकांशी खेळायचा 'फॅक्शन्स' भागच नाही. मित्रांबरोबर आम्ही तेवढंच खेळायचो.

संत्रानगरी:
डिस्क घेत जा न भाऊ. खेळून झालं की विकून टाकायची.

कर्जात_गेमर:
विकली की! दुकानदाराने आठशे टेकवले आणि माझ्यासमोर बावीसशेची चिठ्ठी लावून काचेत ठेवली. वर म्हणतो, ओरखडा आहे.

निवांत_नाना:
अजून डिस्क विकत घेणारे लोक आहेत? सेलमध्ये डिजिटल घ्या, कटकट नाही.

संत्रानगरी:
नाना, तुमचं डिजिटल उद्या विकून दाखवा बरं. अन् ते भावाला खेळायला कसं देता? आमच्याकडे एक डिस्क चार घरं फिरते.

निवांत_नाना:
चार घरं फिरवायची आणि वर कंपनी लुटते म्हणून गळा काढायचा. वा!

संत्रानगरी:
फुकट नाही खेळत, पैसे मोजलेत. तोंड सांभाळून.

फडताळ:
अहो, धागा कशाचा आणि चाललंय काय! गडी, एक देतो तुम्हाला. शेवटी एली घरी येते, डाव्या हाताची दोन बोटं गेलेली, गिटार धरते आणि सूर धड लागत नाही. बरं जमलंय ते. पण तेवढ्यासाठी पंचवीस तास?

सांगलीचा_गडी:
उपकार झाले! म्हणजे पंचवीस तास खेळलात तर. तिसरा आला की पहिल्या दिवशी घ्याल.

फडताळ:
पहिल्या दिवशी नाही. डिस्क फिरत फिरत आली तर बघू.

कर्जात_गेमर:
संत्रानगरी, पार्ट टूची डिस्क आहे का तुमच्याकडे? व्यक्तिगत निरोप (व्यनि) केलाय.