ई-सायकल चिखलात बंद पडतेय, रविवारच्या आत मदत हवी आहे

खड्डेपंडित
जुन्या हार्डटेल एमटीबीला (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली डोंगरी सायकल) मोटर-बॅटरीचं किट बसवून ई-सायकल केली आहे. मुलुंडमध्ये झकास पळते. ऐरोलीच्या पुलावरून दोनदा जाऊन आलो, काही त्रास नाही. गेल्या रविवारी मात्र बदलापूरहून कोंडेश्वरच्या बाजूला भाताच्या खाचरांमधल्या गाडीवाटेवर नेली, आणि चढ लागला की मोटर गप्प. असं पाचदा झालं. शेवटी बावीस-तेवीस किलोचं धूड ढकलत स्टेशन गाठलं. मोटरमध्ये पाणी गेलं असणार. हब, म्हणजे चाकाच्या मध्यातली ती मोटर, उघडून सिलिकॉन कसं भरायचं? कोणी केलंय का? जरा लवकर सांगा. या रविवारी परत जायचंय, ग्रुपमध्ये आधीच शोभा झाली आहे.

वायरमन_दादर
मोटर किती वॉटची, किती व्होल्टची? बॅटरी कुठली? आणि मुख्य म्हणजे बंद पडते तेव्हा डिस्प्ले चालू राहतो की तोही विझतो? एवढं सांगा, मग बघू. तोवर हब उघडू नका.

घाटवेडा
हब मोटर घेतलीत तिथेच चुकलं. डोंगराला मिड-ड्राइव्हच हवी. ती पेडलच्या आसापाशी बसते आणि जोर चेनमधून जातो, त्यामुळे सायकलचे गिअर मोटरलाही मिळतात. हब बिचारी चढावर एकाच गिअरमध्ये रडते. माझी बाफांग कंपनीची मिड-ड्राइव्ह तिसरा पावसाळा बघतेय.

वायरमन_दादर
आणि त्या तीन पावसाळ्यांत चेन किती बदलल्या तेही सांगा की.

घाटवेडा
चार. चिखलात चेन जाणारच, त्यात काय.

खड्डेपंडित
मागच्या चाकात आहे, ३५० वॉट. बॅटरी लिथियम, मित्राच्या ओळखीतल्या एकाकडून बनवून घेतली. @घाटवेडा, पैसे खर्च करून झालेत, तुमचा सल्ला पुढच्या जन्मी. सिलिकॉनचं सांगा ना कोणीतरी!

निवांत_नाना
आम्ही डोंबिवलीहून मलंगगडाच्या पायथ्यापर्यंत साध्या काळ्या सायकलवर जायचो, तेही डबलसीट. मोटर होती, तिला पाय म्हणत. हलके घ्या.

मीरा_ठाणे
टायर किती रुंद आहेत? लोक पावसाळ्यात रुंद टायर घालतात, मग फ्रेम आणि टायरमध्ये चिखल ठासून बसतो आणि चाक फिरेनासं होतं. थोडे अरुंद, उंच नक्षीचे घ्या आणि हवा कमी ठेवा. दुसरं, मागे मोटर आहे तर टॉर्क आर्म लावलाय ना?

कायदेकानू
३५० वॉट? आपल्याकडे २५० वॉट आणि ताशी २५ किमीच्या आतली ई-सायकलच मोटार वाहन धरत नाहीत. त्यावर गेलात की नोंदणी, लायसन, विमा सगळं आलं. आधी हे बघा, चिखल नंतर.

निवांत_नाना
कोंडेश्वरच्या बांधावर आरटीओ उभा असतो का हो?

कायदेकानू
अपघात झाला की उभा राहतो, काका.

वायरमन_दादर
डिस्प्ले?? व्होल्ट??

चेनतुटली
माझ्या मते ब्रेकचा कटऑफ. किटच्या ब्रेक लिव्हरमध्ये सेन्सर असतो, लिव्हर दाबला की मोटर बंद. चिखलाने केबल जड झाली की लिव्हर पूर्ण परत येत नाही आणि कंट्रोलरला (मोटरला करंट सोडणारा डबा) वाटतं तुम्ही ब्रेक धरून बसलाय. दोन्ही लिव्हरच्या सेन्सरच्या पिना काढून बघा.

खड्डेपंडित
धन्यवाद! हे कोणीतरी कामाचं बोललं. पिना काढल्या, सोसायटीच्या गेटपर्यंत चक्कर मारली. चालते! सुटला प्रश्न!

वायरमन_दादर
अहो, गेटपर्यंत ती आधीही चालतच होती.

खड्डेपंडित
हं. खरं आहे.

सामानडबा
अवांतर: लोकलमध्ये नेता कशी? मालडब्यात चढवू देतात का? मला कल्याणहून नेरळला न्यायची आहे.

खड्डेपंडित
रविवारी पहाटे मालडब्यात. मासळीच्या पाट्यांशेजारी उभी केली. मावशींनी आधी शिव्या घातल्या, नंतर हँडलला पिशवी अडकवली.

वायरमन_दादर
तिसऱ्यांदा विचारतोय. डिस्प्ले.

खड्डेपंडित
अहो डिस्प्ले जाणारच ना, सगळंच जातं! मग बॅटरीचं बटण बंद-चालू केलं की परत येतं. यात सांगण्यासारखं काय आहे?

वायरमन_दादर
हेच तर सगळं आहे. मोटरमध्ये पाणी गेलं किंवा ब्रेकचा सेन्सर अडकला तर मोटर थांबते, पण डिस्प्ले सहसा पेटलेला राहतो. डिस्प्लेसकट सगळं जातं म्हणजे बॅटरीच पुरवठा तोडतेय. बॅटरीतला बीएमएस, म्हणजे सेलचं संरक्षण करणारं सर्किट, ट्रिप होतोय. रस्त्यावर चाक वेगात फिरतं तेव्हा मोटर करंट कमी ओढते. चिखलाच्या चढावर चाक रखडतं, आणि हळू फिरणारी मोटर कंट्रोलर देईल तेवढा सगळा करंट खाते. कंट्रोलर किती अँपिअरचा आणि बीएमएस किती अँपिअरचा, ते बघून सांगा.

जुगाडू
एवढं कशाला? बीएमएस बायपास करा. दोन तारा जोडल्या की काम झालं. मी स्कूटरला केलंय.

वायरमन_दादर
अजिबात करू नका. त्या सेल किती करंट झेलतात ते माहीत नाही, वरून संरक्षण काढायचं, आणि रात्री तीच बॅटरी हॉलमध्ये चार्जिंगला लावून झोपायचं?

जुगाडू
दीड वर्ष चालवतोय, काही झालं नाही. पुस्तकी लोकांचं हे नेहमीचंच.

मीरा_ठाणे
दीड वर्ष काही झालं नाही हे तुम्ही सांगताय, शेजारी नाही सांगत.

जुगाडू
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

खड्डेपंडित
कंट्रोलरवर वाळलेल्या चिखलाचं प्लॅस्टर होतं. टूथब्रशने घासलं, खाली स्टिकर निघाला: ३६ व्होल्ट, कमाल २२ अँपिअर. बॅटरीवाल्याला फोन केला. बीएमएस १५ चा आहे. म्हणाला, सायकलला पुष्कळ होतो.

वायरमन_दादर
३६ गुणिले २२ म्हणजे ७९२ वॉट. तुमची ३५० ची मोटर चढावर एवढं मागते आणि बॅटरी ५४० च्या आसपास हात वर करते. मोठा बीएमएस घालायचा तर आधी सेल तेवढा करंट देतात का ते बघावं लागेल. रविवारसाठी सोपा उपाय म्हणजे करंट कमी करणं. बऱ्याच डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये लिमिट असतं, ते १३-१४ वर आणा. चढावर मोटरचा जोर कमी मिळेल, पाय मारावे लागतील, पण बंद पडणार नाही. तपासायला बदलापूर नको. ब्रेकच्या पिना काढलेल्याच आहेत, तर पार्किंगच्या रॅम्पवर मागचा ब्रेक अर्धा दाबून थ्रॉटल द्या. दोन-चार सेकंदच, जास्त नाही, मोटर तापेल. मग पिना परत लावा, विसरू नका.

निवांत_नाना
म्हणजे शेवटी पायच.

खड्डेपंडित
केलं. २२ वर तिसऱ्या सेकंदाला सगळं विझलं, अगदी तसंच. वॉचमन धावत आला, त्याला वाटलं मी ब्रेक फेल होऊन भिंतीवर चाललोय. मग १३ वर आणलं, चार वेळा करून बघितलं, एकदाही गेलं नाही. पिना परत लावल्या. वायरमनसाहेब, बदलापूरला माझ्याकडून वडापाव.
मीराताई, तुमचा प्रतिसाद आत्ता नीट वाचला. टॉर्क आर्म म्हणजे काय? तसं काही लावलेलं आठवत नाही. फ्रेम ॲल्युमिनियमची आहे. रॅम्पवरून आल्यावर मागच्या ॲक्सलचा नट सैल लागला, आणि ॲक्सल जिथे बसतो त्या खाचेत चकचकीत ओरखडा दिसतोय, मघाशी नव्हता. असं होतं का?

मीरा_ठाणे
हो, टॉर्क आर्म नसला की होतं. ॲक्सल खाचेत फिरू नये म्हणून फ्रेमला अडकवायची पट्टी म्हणजे टॉर्क आर्म. दोन्ही बाजूंचे फोटो टाका. आणि चालवू नका, गेटपर्यंतसुद्धा नाही.