मुलाचं एपीटीटी ५४ सेकंद आलंय पण त्याला रक्तस्राव कधीच नाही, पुढे काय विचारू?

पाऊलवाट:
मंडळी, जरा घाईतला धागा आहे. मुलगा ८ वर्षांचा, टॉन्सिल काढायचं ठरलं होतं. आधीच्या तपासण्यांत एपीटीटी (रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते बघणारी टेस्ट) ५४ सेकंद आलं, लॅबची मर्यादा २६ ते ३५. पीटी (गोठण्याचीच दुसरी टेस्ट) १३ सेकंद, त्यावरूनच काढलेला आयएनआर १.०, प्लेटलेट २ लाख ८० हजार, म्हणजे बाकी सगळं ठीक. सर्जननी ऑपरेशन पुढे ढकललं आणि हिमॅटॉलॉजिस्टना (रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरांना) दाखवा म्हणाले, त्यांची वेळ पुढच्या आठवड्यातली आणि तोवर मी रात्र रात्र जागून हिमोफिलियाच (रक्त नीट न गोठण्याचा जन्मजात आजार) वाचत बसलेय. पण हा पोरगा झाडावरून पडलाय, गुडघे फोडून घेतलेत, दुधाचे २ दात डॉक्टरांनी उपटलेत, रक्त थांबेना असं एकदाही झालं नाही. उलट नाकाचा घोळणा फुटतो तो माझा. कुठल्या टेस्ट सांगतील? काय विचारू?

नळीवाला:
लॅबमध्ये हेच काम करतो म्हणून आधी हे विचारतो, रक्त घेतलं कसं? निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणारं सायट्रेट असतं, ९ भाग रक्ताला १ भाग असं मोजून. ट्यूब अर्धीच भरली तर सायट्रेट जास्त होतं आणि सेकंद उगाच वाढतात. सलाईनच्या सुईतून रक्त ओढलं आणि ती हेपॅरिनने (रक्त गोठू न देणारं औषध) धुतलेली असेल तरी तेच. नमुना तासन् तास पडून राहिला तरी गडबड. आमच्याकडे असा एकटाच वाढलेला एपीटीटी आला की मी आधी ट्यूब उचलून बघतो, मग पेशंटची काळजी करतो :)

पाऊलवाट:
अहो अगदी तसंच! रडून गोंधळ घातला त्याने, दोनदा टोचलं, ट्यूब पूर्ण भरली नव्हती हे मला स्पष्ट आठवतंय.

नळीवाला:
मग नमुना परत द्या, ट्यूब खुणेपर्यंत भरून. बाकीचं त्यानंतर.

उनाडराव:
व्हिटॅमिन के कमी असेल, गोळ्या सुरू करा, आमच्या ओळखीत एकाला फरक पडला.

आठवा_घटक:
उनाडराव, कृपया नको. के कमी झालं की आधी सातवा फॅक्टर (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांना फॅक्टर म्हणतात, त्यांना असे नंबर असतात) घसरतो, कारण तो शरीरात सगळ्यात कमी टिकतो, आणि त्याने पहिल्यांदा पीटी वाढतो. इथे पीटी नॉर्मल आहे.
पाऊलवाट, मी या विषयातली डॉक्टर आहे, पण तुमच्या मुलाला तपासलेलं नाही हे धरून वाचा. परत केल्यावरही एपीटीटी वाढलेलाच आला तर मिक्सिंग स्टडी सांगतील. त्याचा प्लाझ्मा (रक्तातला पेशी वगळून उरलेला द्रव) आणि नॉर्मल प्लाझ्मा निम्मा निम्मा मिसळून परत वेळ मोजायची. वेळ नॉर्मलला आली तर कुठला तरी फॅक्टर कमी आहे, नाही आली तर रक्तात काहीतरी अडवणारं आहे. लहान मुलांत हे अडवणारं बहुतेकदा लुपस अँटिकोअ‍ॅग्युलंट नावाची अँटिबॉडी निघते, घसा वगैरे सारखा धरणाऱ्या मुलांत इन्फेक्शननंतर येते आणि काही आठवड्यांनी आपोआप जाते. नाव भयंकर आहे पण त्याने सहसा रक्तस्राव होत नाही. (आठव्या फॅक्टरविरुद्धची अँटिबॉडी मात्र चकवते, मिसळल्या मिसळल्या वेळ ठीक येते आणि ३७ अंशाला २ तास ठेवल्यावर परत वाढते, म्हणून दोन्ही वेळा बघतात.)
फॅक्टर कमी निघाला तर कुठला, हे महत्त्वाचं. आठवा, नववा, अकरावा कमी असला तर रक्तस्राव होतो. बारावा कितीही कमी असला, एपीटीटी कितीही लांबला, तरी होत नाही. अकराव्याचं गणित विचित्र, टक्का आणि रक्तस्राव यांचा मेळ बसत नाही, आणि त्रास होतो तो नेमका तोंडात-घशात, म्हणून टॉन्सिलच्या आधी हे कळलंच पाहिजे. 'त्याला कधी काही झालं नाही' एवढ्यावर सोडू नका, पण उपटलेल्या २ दातांचं डॉक्टरांना आवर्जून सांगा, ती मोठी माहिती आहे.

दुसरी_आई:
माझ्या मुलाला हिमोफिलिया आहे, आठवा फॅक्टर १ टक्क्याच्या खाली. निदान होईपर्यंत अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन देऊ नका, ताप आला तर पॅरासिटामॉल. दंडात-मांडीत इंजेक्शन नको. आणि तुमच्या माहेरी, म्हणजे भावांना, मामांना काही होतं का विचारून ठेवा. नसलं तरी सुटलो असं नाही, आमच्या घरात आधी कुणालाच नव्हतं.

निळीजांभळी:
सगळे मुलाबद्दल बोलताहेत, पण घोळणा फुटतो तो तुमचा ना ताई? पाळी कशी असते? मला व्हॉन विलेब्रँड (त्याच नावाचा रक्त गोठवणारा फॅक्टर कमी असण्याचा आजार) आहे आणि माझा एपीटीटी, पीटी दोन्ही कायम नॉर्मल, त्यामुळे वर्षानुवर्षं 'काही नाहीये' ऐकलं.

पाऊलवाट:
पहिले दोन दिवस तासाला पॅड बदलावं लागतं. बाळंतपणातही रक्त बरंच गेलं होतं. हिमोग्लोबिन ९. आईचंही तसंच होतं, त्यामुळे आमच्या घरात बायकांचं असंच असतं समजून कुणी विचारलंच नाही.

आठवा_घटक:
तासाला पॅड म्हणजे डॉक्टरांकडे जायचंच. तुमच्या व्हॉन विलेब्रँड फॅक्टरची अँटिजेन (तो किती आहे) आणि अ‍ॅक्टिव्हिटी (तो काम किती करतो) या टेस्ट आणि आठवा फॅक्टर एकत्र करून घ्या. व्हॉन विलेब्रँड ताणाने, तापाने, गरोदरपणात वाढतो, म्हणून एकदा नॉर्मल आला तरी परत बघावा लागतो. ओ रक्तगटात मुळातच थोडा कमी असतो.

पाऊलवाट:
अपडेट. ट्यूब काठोकाठ भरून घेतली तरी एपीटीटी ५१. मिक्सिंगमध्ये नॉर्मल झाला. आठवा ९२, नववा ८८, अकरावा ८५ आणि बारावा ६ टक्के!! म्हणजे नळीवाल्यांची ट्यूब निर्दोष सुटली :) टॉन्सिलला परवानगी मिळाली.
माझा एपीटीटी ३३. आणि व्हॉन विलेब्रँड अँटिजेन ३४, अ‍ॅक्टिव्हिटी ३१, रक्तगट ओ. परत करायला सांगितलंय.

नळीवाला:
हरलो, मान्य. पण मुलाच्या फाईलला पहिल्याच पानावर बाराव्या फॅक्टरचं लिहून ठेवा, नाहीतर प्रत्येक ऑपरेशनला हीच वरात. पुढेमागे हेपॅरिन द्यायची वेळ आली तर एपीटीटीवर डोस ठरवता येणार नाही, अँटी-टेन-ए नावाची वेगळी टेस्ट लागते, तेही लिहा.

आठवा_घटक:
तुमचे दोन्ही आकडे साधारण बरोबरीने कमी आहेत, म्हणजे फॅक्टर कमी बनतोय, बिघडलेला नाही, असं पहिल्या नजरेत वाटतं. परत तपासणीला फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) करा. पाळीसाठी ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडबद्दल (रक्तस्राव कमी करणारं औषध) विचारा. आणि पूर्वी रक्ताच्या गुठळीचा त्रास झाला असेल तर ते आधी सांगा.

निळीजांभळी:
आणि आईलाही घेऊन जा ताई.

पाऊलवाट:
आई म्हणतेय, या वयात आता कशाला. गुरुवारी नेतेच.